बर्फ, वारा आणि मुक्काम

बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसानं बर्फाच्या वाटेवर बोलायचं म्हटलं, तर ऐकणारा आधी हसणार. आमच्याकडे बर्फ पाहायचा तो गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर लग्नात सरबताच्या पिंपात. तरीही हा विषय मी निवडला, त्याला दोन कारणं आहेत. दख्खनच्या माणसाची हिमाशी आणि बोचऱ्या वाऱ्याशी गाठ इतिहासात पुन्हा पुन्हा पडली आहे, हे पहिलं. दुसरं असं की, दर हिवाळ्यात या जिल्ह्यातली लाखो माणसं बायकापोरांसह थंडीवाऱ्यात वाटेला लागतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, ते आज सांगायचं आहे.

मी कविता लिहिणारा माणूस, म्हणून सुरुवात शब्दांपासून करतो. ‘बर्फ’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. वस्तू पाहण्याआधीच आम्हाला तिचं नाव मिळालं. आकाशातून पडणारं भुसभुशीत हिम आणि कारखान्यातली टणक लादी या दोन्हींना आपण बर्फच म्हणतो, कारण त्यात फरक करायची वेळच आपल्यावर कधी आली नाही. पण थंडीच्या बाबतीत आपली भाषा गरीब नाही. संस्कृतातल्या ‘हिम’चं आपल्याकडे ‘हीव’ झालं. हिवाळा, हिवताप, हीव भरणं, हे सगळे त्याच घरातले शब्द. शिवाय गारठा आहे, कडाका आहे, काकडा आहे. वाऱ्याला तर आपण झोंबणारा म्हणतो, जणू तो अंगावर येणारा कुणी पैलवानच. माझी आई घरात दखनी बोलायची. ‘हवा काटती’ एवढंच म्हणायची आणि आम्हा भावंडांवर वाकळ ओढायची. वारा कापतो, हे तिला कोणत्याही वेधशाळेनं सांगितलं नव्हतं.

आता इतिहासाकडे वळू. बीड शहरापासून जवळ एका टेकडीवर एक जुनं बांधकाम आहे. त्यात माणूस पुरलेला नाही, दात पुरलेला आहे. तो दात दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक याचा, असं सांगतात. १३३५ च्या सुमारास सुलतान वरंगळच्या स्वारीवरून आजारी होऊन दौलताबादकडे परतत होता. वाटेत बीडच्या मुक्कामी त्याची दाढ दुखली आणि पडली. मग ती समारंभानं पुरून त्यावर वास्तू उभारली, असं फरिश्ता या इतिहासकारानं नोंदवून ठेवलं आहे. शाळेच्या सहलीत ही गोष्ट ऐकून मुलं हसतात. पण याच सुलतानाच्या कारकिर्दीत बर्फाच्या आणि डोंगराच्या वाटेचे दोन मोठे धडे लिहिले गेले, ते मात्र कुणी सांगत नाही.

पहिला धडा इब्न बतूता याच्या प्रवासवर्णनात आहे. मोरोक्कोतल्या तांजेर गावचा हा प्रवासी १३३३ मध्ये सिंधू नदीवर पोहोचला. पुढे तुघलकानं त्याला दिल्लीचा काझी नेमलं आणि नंतर तो आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. भारतात येण्याआधी रशियातल्या व्होल्गा नदीच्या परिसरात त्यानं कडक हिवाळा काढला होता. अंगात तीन लोकरी-कातडी झगे, दोन विजारी आणि पायात एकावर एक जोडे घातल्यामुळे त्याला आपलं आपण घोड्यावर चढताही येत नसे. लोक त्याला उचलून बसवत. वजू करताना तोंडावर घेतलेलं पाणी दाढीतून ओघळताना गोठे आणि दाढी झटकली की बर्फासारखं खाली पडे, असं त्यानं लिहिलं आहे.

पुढे हिंदुकुश ओलांडायची वेळ आली. तेव्हा हा माणूस अलीकडे कुंदुझपाशी सुमारे चाळीस दिवस थांबला. जनावरांना चारा मिळावा हे एक कारण आणि घाटातल्या बर्फाची भीती हे दुसरं. ऊन तापल्यावर तो निघाला, तरी वाटेत बर्फ होताच. उंटांचे पाय रुतू नयेत म्हणून त्यांच्यापुढे बुरणुसासारखं लोकरीचं जाड कापड अंथरत अंथरत काफिला पुढे सरकला. हिंदुकुश हे नाव कशावरून पडलं, तेही तो सांगतो. हिंदुस्थानातून धरून नेलेले गुलाम, मुलं आणि मुली या डोंगरात थंडीनं आणि बर्फानं मोठ्या संख्येनं मरत, म्हणून हा हिंदूंना मारणारा डोंगर. इथं हिंदू म्हणजे हिंदुस्थानचे लोक. नावाची ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही. पण त्या वाटेवर गुलाम मरत होते, ही गोष्ट त्यानं जवळून ऐकलेली होती.

या ठिकाणी मी नेहमी अडखळतो. डोंगर एकच, बर्फ एकच. इब्न बतूता त्यातून सुखरूप पार झाला आणि ती मुलं मेली. त्याच्याकडे गरम झगे होते हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट त्याच्याकडे होती. त्याला चाळीस दिवस थांबता आलं. गुलामाला कोण थांबू देणार? व्यापाऱ्याला बाजार गाठायचा असतो. वाट कधी चालायची आणि कधी चालायची नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, तो बहुधा वाचतो. ज्याच्या हाती नाही, तो आधी मरतो.

दुसरा धडा तुघलकाच्या स्वतःच्या फौजेचा. १३३० च्या दशकात त्यानं हिमालयातल्या कराचिल प्रदेशावर मोठी फौज पाठवली. सुरुवातीला यश मिळालं. मग डोंगरातला पाऊस सुरू झाला, रोगराई पसरली, घोडे निकामी झाले. परतीची वाट इतकी अरुंद की एकामागे एक असंच उतरावं लागे. वरून डोंगरातले लोक दगड आणि झाडांचे ओंडके ढकलत होते. फौजेतले किती जण परत आले? बरनी हा इतिहासकार दहा स्वार म्हणतो, इब्न बतूता तर तिघांचाच उल्लेख करतो. फौजेच्या आकड्यातही या दोघांत मोठी तफावत आहे, पण सैन्य जवळजवळ बुडालं यावर दोघांचं एकमत आहे. मैदानात घडलेला हुकूम डोंगरावरच्या हवेला लागू पडत नाही, हे त्या फौजेनं प्राण देऊन सिद्ध केलं.

आता मराठ्यांकडे येऊ. उदगीरच्या विजयानंतर १७६० च्या मार्च महिन्यात सदाशिवरावभाऊंची फौज आपल्या मराठवाड्यातल्या परतूरहून उत्तरेकडे निघाली. पानिपतची लढाई आपण तोफांच्या आणि भाल्यांच्या भाषेत वाचतो. हवेच्या भाषेत ती फारशी वाचली जात नाही. निघाले तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दक्षिणेची वाट तोडली. त्यानंतर नोव्हेंबर, डिसेंबर आणि अर्धा जानेवारी हे लोक पानिपतच्या उघड्या मैदानात अडकले. तिथं बर्फ पडत नाही. पण धुकं पडतं, हाडं गोठवणारा उत्तरेचा वारा वाहतो आणि सकाळी हाताला हात दिसत नाही. समोरचे लोक अफगाणी हिवाळ्यात वाढलेले. आपल्याकडचे गोदाकाठचे, भीमाकाठचे, कोकणातले. त्यात लढणाऱ्यांपेक्षा न लढणारेच अधिक होते. यात्रेला म्हणून निघालेले, बाजारबुणगे, बायका, मुलं. रसद तुटली होती. पोटात अन्न नसलं की थंडी दुप्पट लागते, हे वेगळं सांगायला नको.

१४ जानेवारी १७६१ ला, संक्रांतीच्या सुमारास, सगळं संपलं. जे वाचले ते भर थंडीत, अंगावरच्या कपड्यानिशी दक्षिणेकडे पळाले. त्यात पुढे नाना फडणवीस म्हणून प्रसिद्धीला आलेला तरुणही होता. आपल्या आत्मचरित्रात त्यानं हा जीव वाचवण्याचा प्रवास लिहून ठेवला आहे. या पळणाऱ्या माणसांना आसरा कुणी दिला? भरतपूरच्या सूरजमल जाटानं. भाऊंशी न पटल्यामुळे तो आधीच मोहिमेतून बाजूला झाला होता. दाराशी आलेल्यांना तो नाही म्हणाला असता, तरी राजकारणाच्या हिशेबात ते बसलं असतं. पण त्यानं आणि त्याच्या राणीनं या लोकांना अन्न दिलं, पांघरुणं दिली, जखमींना औषधपाणी केलं आणि पुढच्या वाटेला लावलं. पानिपतावर इतकं लिहिलं गेलं, त्यात या पांघरुणांना मात्र एखाद-दुसरी ओळच मिळते. माझ्या मते ती ओळ मोठ्या अक्षरात छापायला हवी.

पुढे ऐंशी वर्षांनी याहून भयंकर प्रकार इंग्रजांनी करून दाखवला. ६ जानेवारी १८४२ ला काबूलमधली त्यांची फौज जलालाबादकडे निघाली. सेनापती जनरल एल्फिन्स्टन, आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टन गव्हर्नरांच्या नात्यातला. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार नोकरचाकर, बायका, मुलं. सैनिकांतले बहुतेक हिंदुस्थानी शिपाई. भर जानेवारीत, गुडघाभर बर्फात, तंबू-सरपणाची धड सोय नसताना हे लोक घाटात शिरले. पहिल्याच रात्री कित्येक जण जागीच गोठले. हल्ले होत राहिले ते वेगळंच. एका आठवड्यानं, १३ जानेवारीला, डॉ. ब्रायडन हा गोरा डॉक्टर थकलेल्या घोड्यावरून जलालाबादला पोहोचला आणि त्याचं चित्र जगभर गाजलं. बोटं झडलेले काही हिंदुस्थानी शिपाई पुढे काबूलच्या रस्त्यांवर भीक मागताना सापडले. त्यांची चित्रं कुणी काढली नाहीत.

हे सगळं वाचताना मला आमच्या शेजारची एक बाई आठवते. चौंडी हे जामखेड तालुक्यातलं गाव, आमच्या जिल्ह्याच्या सीमेला लागून. तिथं १७२५ मध्ये अहिल्याबाई जन्मल्या. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी केला, हे बीड जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच अहिल्याबाईंनी केदारनाथ-बदरीनाथच्या वाटेवरही धर्मशाळा बांधल्या. वर्षातून सहा महिने जिथं पाऊस पडत नाही, अशा मुलखात जन्मलेल्या बाईला वर्षातून सहा महिने बर्फाखाली राहणाऱ्या वाटेची काळजी वाटली. घाट, विहिरी, अन्नछत्रं, धर्मशाळा ही त्यांच्या कामांची यादी पाहिली, तर तिचं एका शब्दात वर्णन करता येतं: मुक्काम. वाटसरूला वाटेत पाठ टेकता आली पाहिजे. या देशात ही परंपरा सगळ्यांची आहे. देवळाची ओवरी, दर्ग्याचा हुजरा, गावची चावडी आणि बादशाही सराई ही एकाच गरजेची चार नावं आहेत.

थंडीत वारा किती फरक पाडतो, याचं आता गणित झालं आहे. शून्याखाली दहा अंश तापमान असेल आणि ताशी चाळीस किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी शून्याखाली एकवीस अंशांसारखी लागते. शरीराभोवती आपण आपल्याच उबेची एक पातळ गोधडी बाळगत असतो. वारा ती ओढून नेतो. आणि वारा नेहमी आकाशातूनच यायला हवा असं नाही. हवा स्थिर असली, तरी उघड्या गाडीत बसून आपण पुढे निघालो की तो तयार होतो. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या जिल्ह्यानंही आकाशाचा पांढरा रंग पाहिला आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात दिवसामागून दिवस गारपीट झाली. उत्तरेकडून आलेली थंड हवा आणि बंगालच्या उपसागरावरून आलेला दमट वारा यांची आपल्या डोक्यावर गाठ पडली. गार ही वाऱ्याचीच लेक आहे. ढगात खालून वर जाणारा जोरदार वारा पाण्याच्या थेंबाला उंच नेतो, तिथं तो गोठतो, त्यावर थर चढत जातात आणि वाऱ्याला पेलवेनासा झाला की तो गोळा खाली येतो. त्या दिवसांत शेतं आणि रस्ते पांढरे झालेले मी पाहिले. ज्वारी आडवी झाली, गहू झोपला, डाळिंब-द्राक्षांच्या बागा सोलून निघाल्या. झाडाखाली मेलेले पक्षी पडले होते. एसटीतले प्रवासी काचा फुटतील म्हणून डोक्यावर पिशव्या धरून वाकून बसले होते आणि दुचाकीवाले पुलाच्या मोरीत शिरले होते. लहान मुलं ओंजळीत गारा घेऊन ‘काश्मीर, काश्मीर’ म्हणत होती आणि त्यांचे बाप शेताकडे पाहत गप्प उभे होते.

हे सारं ज्यांच्यासाठी सांगतो आहे, त्यांच्याकडे आता येतो. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे ‘कोयता’ म्हणतात. माणसाचं नावच त्याच्या हत्यारावरून पडलं आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय सुटका नाही. कुणी ट्रकनं जातं, कुणी ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांतून, कुणी बैलगाडीनं. ट्रॉलीत खाली संसार, वर माणसं. ज्वारीचं पोतं, चूल, शेळी, कोंबड्या, म्हातारी आणि तान्हं लेकरू. प्रवास बहुतेक रात्रीचा.

आता ते गणित मांडू. डिसेंबरच्या रात्री बालाघाटावर पारा दहा अंशांवर आला आणि उघडी ट्रॉली ताशी तीस किलोमीटरनं निघाली, तर त्यातल्या लेकराच्या गालाला थंडी सहा-सात अंशांची लागते. पहाटेच्या दवानं गोधडी ओली झाली, तर त्याहून जास्त. ती थंडी हिंदुकुशची नाही, हे खरं. पण ते तासन् तास चालतं, आणि पहाटे पोहोचल्यावर पक्कं घर नसतं, पाचटाची कोपी असते. फडावर काम सुरू होतं पहाटे तीन-चारला. त्यात धुकं असतं. मागं लाल पट्टी किंवा दिवा नसलेली ट्रॉली धुक्यात मागून येणाऱ्या गाडीला दिसत नाही. दर हंगामात अशा अपघातांच्या बातम्या येतात. आतल्या पानावर चार ओळी, आणि गावात चार पत्रे घातलेलं कुलूपबंद घर.

इब्न बतूता चाळीस दिवस थांबला होता. आमच्या कोयत्याला एक रात्र थांबता येत नाही, कारण हंगामाचा दिवस बुडाला की उचल अंगावर राहते. म्हणून मला वाटतं, थंडीचा आणि वाऱ्याचा प्रश्न हा नुसता हवामानाचा प्रश्न कधीच नव्हता. हिंदुकुशच्या गुलामांपासून काबूलच्या शिपायांपर्यंत तो थांबण्याच्या अधिकाराचा आणि वाटेवरच्या आसऱ्याचा प्रश्न आहे.

काहीच बदललं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आली आहे. जे लेकरू वसतिगृहात निजतं, ते ट्रॉलीत निजत नाही. वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला प्रवासी रेल्वे सुरू झाली. रेल्वेच्या डब्याला छप्पर आणि खिडक्या असतात, ही साधी गोष्ट ट्रॉलीतून गेलेल्या माणसालाच कळेल. विजेची आगाऊ सूचना देणारं ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं काढलं आहे. ते ज्यांच्या मोबाइलमध्ये आहे, त्यांनी ते शेजाऱ्यालाही दाखवावं.

पण करण्यासारखं अजून बरंच आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. ऊसवाहतुकीच्या मार्गांवर, घाटांच्या अलीकडे-पलीकडे, पत्र्याच्या का होईना, निवाऱ्याच्या जागा हव्यात. तिथं नळ असावा, शेकोटीपुरतं सरपण असावं, बायकांसाठी आडोसा असावा. ट्रॉलीला मागून चमकणारी पट्टी लावल्याशिवाय कारखान्यानं ती फाटकातून आत घेऊ नये. दाट धुकं किंवा गारपिटीचा इशारा असेल, त्या रात्री टोळी थांबली तर तो दिवस कामगाराच्या हिशेबातून कापू नये. एवढं झालं, तरी दर हंगामात काही माणसं गुढीपाडव्याला घरी परततील, जी आज परतत नाहीत.

सूरजमलानं दारं उघडली, अहिल्याबाईंनी धर्मशाळा बांधल्या. आपल्या वाट्याला एवढं मोठं काम येणार नाही. यंदा दिवाळीनंतर रात्री एखादी ट्रॉली आपल्या गावाच्या फाट्यावर थांबलेली दिसली, तर तिथल्या शाळेची किंवा समाजमंदिराची चावी कुणाकडे आहे, एवढं आपल्याला माहीत असलं तरी चालेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)